दुसऱ्या खेपेची माणसं

११ मार्च

आमच्या गल्लीतल्या माणसांच्या अंगातलं काढून नेलंस आणि फ्रीजरच्या कोपऱ्यात टाकून दिलंस, मग काढलंस कशाला? काल तुमचा गाडीवाला खोकी न्यायला आला होता. त्याला दारात उभं करून चहा पाजला आणि विचारलं, काय रे बाबा, आमच्या पोरीची बाटली कुठवर आली? तो हसला. म्हणाला, "आजी, तुमच्या गल्लीच्या पिशव्या अजून तिथेच आहेत. वेगळ्या कप्प्यात. त्यांना कोणी हात लावत नाही." हात लावत नाही! आम्ही काय अंगाला काहीबाही लागलेली माणसं आहोत?

आता आशीर्वाद घे. तुझ्या नवऱ्याला आणि पोरांना भरपूर, तुला जरा कमी.

तू माझ्या सख्ख्या भावाची मुलगी, त्या सरकारी प्लाझ्मा केंद्रात मोठ्या खुर्चीवर बसतेस, म्हणून मी तुझं ऐकलं. मागच्या वर्षी इथे येऊन तूच म्हणालीस, आत्या, तुमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन मशिनं बसवतोय. माणसाचं रक्त त्यात जातं, गरगर फिरतं, पिवळं पाणी पिशवीत राहतं आणि लाल परत अंगात येतं. त्या पिवळ्या पाण्यातूनच आपल्या मिरचीचं औषध बनतं. मी म्हटलं, मग झालंच. माझी नात. तिच्या अंगात रोगाशी भांडणारं काही तयारच होत नाही. माझ्यासारख्या आजीच्या पोटी भांडता न येणारी नात, ही देवाने केलेली थट्टा आहे. महिन्याला बाटली चढवावी लागते, बाटली वेळेवर आली नाही की पोरगी आजारी.

आमच्या गल्लीची रीत तुला माहीत आहे. जिना धुवायचा असो, गटार उपसायचं असो, नंबर लागतो. एका घराचा झाला की पुढचं घर. कुणाला दोनदा नाही, कुणाला सूट नाही. तोच नंबर मी इथे लावला. सुरुवात माझ्या घरापासून. मी बाही वर करून गेले, तर तुमच्या सिस्टरने वय विचारलं आणि परत पाठवलं. मी म्हटलं, जुनं झालं म्हणून रक्त काय आंबतं का? ती नुसती गोड हसली. मला गोड हसणारी माणसं आवडत नाहीत. मग सून गेली. मग बेकरीवाला. मग शिंपी, दिवसभर कापडाला टोचतो आणि स्वतःला सुई लागणार म्हटल्यावर पांढराफटक. मग गवंडी आणि त्याची बायको, शाळेतली शिपाईण, सगळे. शेवटी शेजारची कडूबाई. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून तिच्याशी माझं बोलणं बंद आहे, तरी गेले तिच्या दारात. गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत एक घर सोडलं नाही.

आता जो तो विचारतो, आजी, पोरीची बाटली आली का? मी काय सांगू? तुमचं फ्रीजरमध्ये थंड हवा खातंय म्हणून?

कारण कळव. मला समजेल असं कळव.

आत्या

◆

२२ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं, ही माझी चूक. "रक्त काय आंबतं का" हे वाक्य आता इथे दिवसातून चारदा ऐकू येतं.

पिशव्या फेकलेल्या नाहीत. कडक गोठवून जपून ठेवल्यात. पण तुला खरं सांगते, त्या थांबल्यात, आणि का थांबल्यात ते ऐक.

पहिल्यांदा देणाऱ्या कुणाचीही पिशवी आम्ही पुढे पाठवत नाही. तपासणी होते, पण काही आजार अंगात इतके नवे असतात की तपासणीला दिसत नाहीत. समज, घरात चोर शिरलाय आणि पलंगाखाली लपलाय. दारातून डोकावणाऱ्याला काय दिसणार? घर रिकामंच वाटणार. पण काही आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा आला आणि तेव्हाही तपासणी स्वच्छ निघाली, की खात्री पटते, त्या दिवशीही पलंगाखाली कोणी नव्हतं. मग त्याची पहिली पिशवी सुटते. पुढे तो नेमाने येत राहिला तर काही अडत नाही. एवढी काळजी घ्यावी लागते, कारण कारखान्यात हजारो माणसांचा प्लाझ्मा एकाच टाकीत ओततात आणि त्यातून औषध काढतात. एक वाईट पिशवी पडली तर सगळी टाकी वाया.

तू नंबर लावलास हे मला ठाऊकच नव्हतं. सिस्टर प्रत्येकाला सांगत होत्या, "पुन्हा नक्की या." आणि प्रत्येक जण म्हणत होता, "आमचा नंबर झाला." सिस्टरांना वाटलं, नाही म्हणायची ही इथली सभ्य पद्धत असेल. त्या बिचाऱ्या कुणाच्या मागे लागल्या नाहीत.

आणखी एक. तुला आवडणार नाही, पण आत्ताच सांगते. तुमच्या गल्लीच्या पिशव्यांतून मिरचीची बाटली होणार नाही. टाकीत सगळ्यांचं एक होतं, औषध व्हायला कितीतरी महिने जातात, आणि मग ज्याला गरज त्याला मिळतं.

तर पहिल्यांदा आलेल्यांना दुसऱ्या खेपेला पाठव, एवढंच. घाई नाही, सावकाश बघ. इकडे सगळं ठीक. मिरची कशी आहे ते मात्र लिही. मागच्या पत्रात तू तिच्याविषयी फारसं लिहिलं नाहीस.

तुझी भाची

◆

३० मार्च

म्हणजे आता मी दारोदार फिरून सांगायचं, बाबांनो, तुमचं काढलेलं तसंच पडलंय, पुन्हा झोपा त्या खुर्चीवर? जमणार नाही.

मी शब्द दिलाय. बेकरीवाल्याने स्वच्छ विचारलं होतं, "आजी, नंतर पुन्हा बोलावणार नाही ना?" मी म्हटलं, माझ्या जिभेला हाड नाही, पण शब्दाला आहे. एका घराने एकदा. ह्यावर माणसं गेली. माझ्या तोंडाकडे बघून गेली, तुमच्या मशिनाकडे बघून नाही.

चोराचं मला कळलं. मूर्ख नाही मी. पण तो चोर पहिल्याच दिवशी दाखवायचा होतास. टाकीचंही कळलं, फक्त पटलं नाही. आमच्या गल्लीने आमच्या पोरीसाठी दिलं. ते तू कुठल्या परक्याच्या अंगात घालणार, आणि आमच्या पोरीला कुणाचं तरी उष्टं?

आता कान इकडे कर. तुझ्या हातात आहे ना सगळं? मग एक बाटली बाजूला काढ. दर महिन्याला एक. एवढ्या मोठ्या कारखान्यात एका बाटलीने काय होतं? मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं? तुझा बाप गेला तेव्हा भावाच्या घरातलं भांडंसुद्धा उचललं नाही. हे एक मागते. दुसऱ्यांदा मागणार नाही.

मिरची ठणठणीत आहे. जेवते, हट्ट करते, काल बाहुलीच्या कानफटात दिली. तिची काळजी करायला मी आहे. तू बाटलीचं बघ.

आत्या

◆

३ एप्रिल

ताई,

मी कामाला जाते त्या दुकानाच्या काउंटरवर बसून घाईत लिहितेय. हे सासूबाईंना कळू देऊ नका.

मिरची ठणठणीत नव्हती. सासूबाईंनी तुम्हाला बाहुलीचं लिहिलं ना, ते पत्र त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात बसून लिहिलं. मिरचीच्या नाकाला तेव्हा ऑक्सिजनची नळी होती. न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलात तिच्या औषधाचा साठा कमी आहे. मागच्या दोन्ही वेळी बाटली उशिरा मिळाली, आणि मिळाली तीही तिच्या वजनाला पुरेल एवढी नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आहे त्यातलं सगळ्या मुलांना थोडं थोडं पुरवतेय, माझ्याकडे दुसरा इलाज नाही.

आता घरी आणलंय. बरी आहे. पण जिना चढताना मधे थांबते, आणि थांबलेलं कुणाला कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधल्यासारखं करते. बुटाला नाडी नाहीच आहे.

वॉर्डात सासूबाई तिच्या उशाशी बसून तिला रागावत होत्या. "नीट श्वास घे, आळशी कुठली!" नर्स दचकली. मी बाहेर जाऊन रडून आले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी तुमच्याकडे बाटली मागितली हे मला त्यांनीच सांगितलं. ताई, तसं काही होऊ शकतं का? नसेल होत तर मला तरी स्पष्ट सांगा.

आणि दुसरं. मी त्या खोलीत सगळ्यात आधी गेले होते. मला पुन्हा जायचंय, आजच जायचंय. पण घरात ठरलंय, आपला नंबर झाला. मी गेले तर गल्लीत बोलतील की म्हातारीने स्वतःच्या घराला वेगळा न्याय लावला, आणि त्या ते सहन करणार नाहीत. ह्यांना सांगावं तर हे महिना महिना गाडीवर, फोन लागला तर लागला. मी काय करू?

तुमची वहिनी

◆

१२ एप्रिल

आत्या,

वॉर्डातल्या बाकावर बसून तू मला बाहुलीच्या गमती लिहिल्यास. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, विचारलंस तरी सांगणार नाही. पण तुझ्यावर रागावायला मला तोंड नाही, कारण मीही लपवलं. फिट्टंफाट झाली. आता दोघी खरं बोलू.

"घाई नाही" असं मी लिहिलं ते खोटं होतं. तुमच्या दवाखान्यामागची खोली जूनच्या शेवटी बंद होणार आहे. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्यापुढे गावोगावच्या खोल्या असतात आणि मशिनं थोडी. जिथे माणसं एकदा येऊन परत फिरकत नाहीत, तिथली मशिनं उचलून दुसरीकडे न्यायची, असा त्यांचा साधा हिशेब आहे. खोली बंद झाली की तुमच्या गल्लीच्या थांबलेल्या पिशव्या जाळून टाकाव्या लागतील. ती खोली मी भांडून उघडायला लावली होती. भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, तिथे माझी आत्या राहते, तिथली माणसं आली की येत राहतात. आता साहेब तुमच्या गल्लीची फाइल नुसती माझ्या टेबलावर ठेवून जातात. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता बाटलीचं. बाजूला काढता येईल का? येईल. एक फोन करावा लागेल. पण ती बाटली जिच्या नावाने निघाली असेल ती पोरगी मिरचीएवढीच असेल, आणि तिच्या उशाशीही एक म्हातारी बसून तिला रागावत असेल. तिच्या तोंडची बाटली काढायची तर तू ये आणि तिच्या आजीला तोंडावर सांग. मला नाही जमणार. रागावलीस तरी चालेल.

उष्टं म्हणालीस. आत्या, मिरचीला आजपर्यंत चढलेली प्रत्येक बाटली परक्यांचीच होती. कुणी बस चालवणारा, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी रात्रपाळी संपवून घरी जाता जाता आलेला. त्यांना मिरची माहीत नाही, तुला ते माहीत नाहीत. पण एक मी छातीठोक सांगते, ती सगळी दुसऱ्या खेपेला गेलेली माणसं आहेत. एकदा देऊन थांबलेल्या माणसाचा एक थेंबही तुझ्या नातीच्या अंगात नाही.

बाहेरच्या देशांतून येणारं औषध कधी येतं, कधी येत नाही. सगळं जग त्याच रांगेत उभं आहे. आपल्याला आपल्याच माणसांकडून जेवढं मिळेल तेवढंच खात्रीचं.

तू शब्द दिलास, मला कळतं. मोडायचा की नाही ते तू ठरव. मी पुन्हा सांगणार नाही.

तुझी भाची

◆

४ मे

कुणी सांगितलं ते मला कळणार नाही असं वाटलं का तुला? सुनेचा चेहरा म्हणजे सताड उघडं दार. मी तिला काही बोलले नाही. दोन दिवस तिच्या चहात साखर घातली नाही, तिनेही मुकाट्याने प्यायला. झालं आमचं भांडण.

तुझं पत्र वाचून चार दिवस मी तुला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी शिव्या संपल्या. त्या दुसऱ्या म्हातारीला मी तोंडावर सांगू शकले असते असं वाटतं तुला? सांगितलं असतं. पण तीही माझ्यासारखी असेल तर तिने मला जिन्यावरून ढकललं असतं, आणि बरोबर केलं असतं.

तर ऐक काय झालं ते. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. काही लपवलं नाही. पिशव्या थांबल्यात, खोली बंद होणार, पुन्हा जावं लागेल, आणि जे द्याल ते मिरचीला मिळणार नाही. सगळं एका दमात सांगून टाकलं, कडू औषध गिळतात तसं.

बेकरीवाला म्हणाला, "आजी, तुम्ही एकदाच म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय! अर्धंच माहीत होतं, अर्धंच बोलले."

शिंपी म्हणाला, "म्हणजे माझं गेलं ते फुकटच?"

"अजून नाही गेलं. तू घरी बसलास तर जाईल."

गवंडी भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पोरीसाठी म्हणून दिलं होतं, आजी. आता कुणासाठी द्यायचं?"

मी म्हटलं, "तू भिंत बांधतोस, तिच्या आत कोण राहणार ते तुला माहीत असतं का?"

"नसतं," तो म्हणाला, "पण मला त्याची मजुरी मिळते."

आता मजुरी मी कुठून देणार! माणसं हळूहळू पांगायला लागली. शिपाईण जाता जाता म्हणाली, "आजी, नंबर म्हणजे नंबर. तुम्हीच शिकवलंत. कुणाला दोनदा नाही."

आणि तिथे मला सुचलं. मी ओरडले, "थांब गं! परवा जिना धुवायचा तुझा नंबर होता ना?"

"होता. धुतला की."

"साबणाचं पाणी ओतलंस?"

"ओतलं."

"आणि तसंच सोडून घरी गेली असतीस तर?"

"तशी कशी जाईन? माणसं घसरून पडतील."

"पण पाणी तर ओतलं होतंस. नंबर झाला असता की नाही?"

"छे! साध्या पाण्याने धुऊन काढल्याशिवाय नंबर कसा होईल?"

"मग हेही तेच आहे," मी म्हटलं. "पहिल्यांदा गेलात ते साबणाचं पाणी. ते कुणाच्या अंगात घालता येत नाही, माणूस घसरेल. दुसऱ्यांदा जाल तेव्हा नंबर पुरा होईल. तोपर्यंत ह्या गल्लीत सगळ्यांचा नंबर अर्धा आहे. माझ्या घराचासुद्धा."

वरून, गच्चीवरून, कडूबाई ओरडली, "मागच्या वर्षी जिन्यावर साबण तसाच सोडून कोण गेलं होतं ते विचारा तिला!" सगळी गल्ली हसली. मी पण हसले असते, पण तिच्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला घेऊन मी खोलीवर पोचले. म्हटलं, पहिला नंबर आपल्या घराचा. दार उघडते तर काय, कडूबाई आधीच खुर्चीवर आडवी! दंडाला पट्टा, नळीतून लाल जातंय, पिशवीत पिवळं जमतंय, आणि बाई तोंडात बिस्कीट धरून माझ्याकडे बघतेय. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "तुझ्यासाठी नाही आले. माझा नंबर अर्धा आहे असं तू गल्लीभर सांगत फिरली असतीस, म्हणून आले." मी म्हटलं, "फिरलेच असते." किती वर्षांनी बोललो, तर एवढंच.

मग तिने काय केलं माहीत आहे? घरी जाऊन गच्चीवर उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागली, "तुझा पुरा झाला का रे? की तू अजून अर्धाच?" शिंपी तिसऱ्या दिवशी गेला, डोळे घट्ट मिटून. बेकरीवाला गेला, जाताना सिस्टरसाठी पाव घेऊन गेला. शिपाईण गेली. गवंड्याची बायको गेली. गवंडी नाही आला. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून मी त्याच्या दारात गेले नाही. मला गप्प बसता येतं हे मलाच नवीन आहे.

मी शब्द मोडला असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. मी तो धुऊन काढला.

खोलीचं काय ते कळव. गोडगोड कळवू नकोस.

आत्या

◆

२१ जून

आत्या,

खोली राहिली. गोड नाही, खरं तेवढंच सांगते. वर्ष संपेपर्यंत राहिली आहे, मग पुन्हा बघणार. पण साहेब "बघू" म्हणाले ते ह्या वेळी हसून म्हणाले.

गवंड्याची एक सोडून तुमच्या सगळ्या पिशव्या सुटल्या. गाडीवाल्याने मला स्वतःहून फोन केला, "मॅडम, आजींचा कप्पा रिकामा झाला, एकच पिशवी उरली!" जणू त्याच्याच मुलीचा निकाल लागला होता. त्या आता कारखान्यात आहेत. त्यांचं औषध व्हायला पुढचं वर्ष उजाडेल.

गंमत ऐक. साहेब पाहणीला तुमच्या खोलीत गेले होते. तिथे एक बाई त्यांना म्हणाल्या, "माझा पुरा झाला, मी आता जादा नंबरवर आलेय." साहेबांना काही कळेना. मी त्यांना तुझी साबणाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आपण इतकी वर्षं भिंतीवर पत्रकं चिकटवतोय, त्यात हे एवढं सोपं कुणालाच लिहिता आलं नाही. बाकीच्या गावांतल्या सिस्टरांना ही गोष्ट सांगायची आहे. तुझी परवानगी आहे ना?

आणि मिरचीचं. तुमच्या हॉस्पिटलचा साठा ह्या महिन्यापासून सुधारतोय, तिला पूर्ण बाटली मिळेल. मी कुठेही फोन केलेला नाही. गेल्या वर्षी इतर गावांत लोक दुसऱ्या खेपेला यायला लागले होते, त्यांचं औषध आता तयार होऊन आलंय. सगळं सुरळीत झालं असं नाही, पुन्हा तुटवडा पडू शकतो. पण आज आहे.

साहेब म्हणतात, तुला इथे बोलावून प्रमाणपत्र द्यावं. फोटोही काढतील. गाडी पाठवतो म्हणालेत. येशील?

तुझी भाची

◆

९ जुलै

मला खुर्चीवर झोपू दिलं नाहीत आणि आता प्रमाणपत्र देताय? ते घेऊन मी काय करू, त्याने जिना झाडू? द्यायचंच असेल तर कडूबाईला द्या. ती परत एकदा जाऊन आली, आता तिला आवरणं कठीण आहे. तिला वाटतं ती माझ्या पुढे गेली. बघायला गेलं तर गेलीच आहे, पण हे तिला कुणी सांगायचं नाही.

साबणाची गोष्ट खुशाल सांगा. फक्त साबण सोडून जाणारी म्हातारी कोण होती, ते सांगायचं नाही.

मिरचीला परवा पूर्ण बाटली चढली. मी शेजारी बसले होते. थेंब पडतो, थांबतो, पडतो. बघता बघता माणसाला झोप येते. पोरगी मात्र टक्क जागी. मला विचारते, "आजी, हे कुणाचं?"

"पुष्कळांचं."

"मी ओळखते त्यांना?"

"नाही."

"ते मला ओळखतात?"

"तेही नाही."

"मग त्यांनी का दिलं?"

मी म्हटलं, "त्यांना कुणीतरी दुसऱ्यांदा बोलावलं, म्हणून." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग मला पण दोनदा बोलावत जा, मी पहिल्यांदा येत नाही म्हणून रागावू नकोस." बघ, अंगात भांडणारं शिरलं की लगेच तोंडात येतं!

काल ती जिना चढली. मधे थांबली नाही. वरच्या पायरीवरून मलाच म्हणाली, "चल ना आजी, आळशी कुठली." सून हसत सुटली. मी दोघींनाही ओरडले.

गवंडी भेटला होता. म्हणाला, "आजी, कुणासाठी द्यायचं ते अजून मला सापडलेलं नाही." मी म्हटलं, सापडू दे सावकाश, खोली कुठे पळून जात नाही. तो म्हणाला, "डिसेंबरपर्यंत तरी." सगळं माहीत असतं त्याला. येईल.

आता मुख्य काम. खोली राहील की जाईल ते तुझा साहेब ठरवणार, पत्रकं तो चिकटवणार, मला प्रमाणपत्र तो देणार. चांगलं आहे. पण इतक्या दिवसांत तुझ्या एकाही पत्रात त्याने स्वतः बाही वर केल्याचं मला दिसलं नाही. माझ्याएवढा म्हातारा तर तो नसेल. मला एवढंच सांगा, तो पहिल्यांदा तरी जाऊन आलाय का, आणि आला असेल तर दुसऱ्यांदा कधी जाणार?

ह्याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझ्या कारकुनानेही लिहायचं नाही. साहेबाने स्वतःच्या हाताने लिहावं, आणि दुसऱ्या हाताला कोपराच्या आत ताजी पट्टी चिकटवलेली असेल तेव्हाच लेखणी उचलावी.

आत्या